पाच मजली कुंडीतली स्ट्रॉबेरी: वरची सुकते, खालची कुजते, असं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एकावर एक बसणाऱ्या स्वस्त प्लास्टिकच्या कुंड्यांचा पाच मजली मनोरा आणला, प्रत्येक मजल्याला चार कप्पे, म्हणून वीस रोपं लावली. रोज वरून पाणी घालता. दोन महिन्यांत वरची रोपं दुपारी मान टाकायला लागली, सगळ्यात खालची तीन कुजून गेली आणि मधल्या मजल्यांवर आलेली फळं लहान आणि वेडीवाकडी. कुंडी स्वस्तातली म्हणून असं झालं का, आणि ती टाकून देऊन महागाची घ्यावी का?

टाकून देऊ नका. अशा कुंड्यांमध्ये मी बरीच वर्षं स्ट्रॉबेरी लावतोय, आणि तुम्ही सांगितलंय तसंच्या तसं माझ्याकडे पहिल्या वर्षी झालं होतं. स्वस्त कुंडीत खोट असते, ती पुढे सांगतो, पण तुमची रोपं त्यामुळे गेलेली नाहीत. आपण मनोऱ्याला एक कुंडी समजतो आणि एका कुंडीसारखं पाणी घालतो, तिथे गाडी चुकते. पाच मजले म्हणजे पाच वेगळी हवामानं. वरच्या मजल्याला दिवसभर ऊन आणि वारा, वरून घातलेलं पाणी तिथून आधी खाली निघून जातं. खालच्या मजल्याला सावली, वारा जवळजवळ नाही, आणि वरच्या चौघांचं निथळलेलं पाणी त्याच्याच डोक्यावर. वरचा मजला तहानलेला दिसला की आपण आणखी पाणी घालतो, आणि ते खालच्याला बुडवतं.

यात एक गोष्ट नीट समजून घेतलीत तर पुढचं बरंच आपोआप सुचेल. कोणत्याही कुंडीतून पाणी निथळणं थांबलं तरी तळाशी मिश्रणाचा एक थर पूर्ण ओला राहतो. तिथले कण पाणी धरून बसतात आणि गुरुत्वाकर्षणाला ते खेचून काढता येत नाही. या थराची जाडी मिश्रण किती बारीक आहे त्यावर ठरते, कुंडीच्या उंचीवर नाही. म्हणजे मिश्रण तेच असेल तर उंच कुंडीत आणि बुटक्या कुंडीत तो थर सारखाच जाड. उंच कुंडीत त्याच्यावर मुळांना भरपूर मोकळी जागा उरते. तुमच्या मनोऱ्याचा एकेक मजला मात्र जेमतेम वीतभर खोल. तिथे चार-पाच सेंटिमीटरचा चिखल राहिला तर मुळांना उरतं काय?

घरच्या घरी पडताळून पाहायचं असेल तर स्वयंपाकघरातला आयताकृती स्पंज पाण्यात पूर्ण भिजवा आणि तळहातावर आडवा धरा. ठिबकणं थांबलं की तोच स्पंज उभा करा. आणखी पाणी गळेल. स्पंज तोच, पण उंची वाढली. आडवा स्पंज म्हणजे तुमचा एक मजला. तळाशी खडे किंवा विटांचे तुकडे घालून निचरा सुधारतो असं सर्रास सांगितलं जातं, मात्र त्याने ओला थर खड्यांच्या वर सरकतो, मुळांच्या आणखी जवळ. बुटक्या कुंडीत खडे कधीच घालू नका.

म्हणून या कुंड्यांत मिश्रण जाडंभरडं हवं. बागेतली माती अजिबात नको, ती दोन पाण्यांत बसते आणि विटेसारखी होते. मी निम्मं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा), पाव भाग चाळलेलं जुनं कंपोस्ट किंवा गांडूळखत आणि पाव भाग परलाईट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) घेतो. परलाईट नसेल तर नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे किंवा चाळून धूळ काढलेला भाताचा तूस चालतो. कोकोपीट विटेच्या रूपात मिळतं तसंच फुगवून वापरायचं नाही. त्यात बऱ्याचदा मीठ असतं आणि स्ट्रॉबेरी मिठाला फार नाजूक आहे. बादलीत भिजवून, पिळून, पाणी टाकून द्यायचं, असं दोन-तीनदा. ज्यांच्याकडे सामू (pH, म्हणजे आंबटपणा) मोजायची पट्टी आहे त्यांनी मिश्रणाचा सामू ५.५ ते ६.५ मध्ये आहे ना ते पाहावं. हातात मूठभर ओलं मिश्रण घेऊन दाबल्यावर दोन-चार थेंब यावेत आणि मूठ उघडताच गोळा हलक्या बोटाने फुटावा. शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ती ओल आणि हवा दोन्ही असलेली अवस्था कप्प्यात टिकवायची आहे.

आता स्वस्त कुंडीची खरी खोट. पुष्कळ मनोऱ्यांत तळाची भोकं पातळ चकतीने बंद असतात, ती आपण फोडायची असतात, आणि हे कुठेही नीट लिहिलेलं नसतं. तुमचे मजले आजच खाली उतरवा आणि प्रत्येकाचा तळ पाहा. भोकं बंद असतील, किंवा एकच बारीक भोक असेल, तर तापवलेल्या स्क्रूड्रायव्हरने नाहीतर ड्रिलने प्रत्येक कप्प्याखाली आठ-दहा मिलिमीटरचं एकेक भोक पाडा. मिश्रण वाहून जाऊ नये म्हणून आत जाळीचा तुकडा ठेवा. सगळ्यात खालच्या मजल्याखाली ताटली असेल तर ती काढा आणि कुंडी दोन विटांवर उचलून ठेवा.

दुसरी खोट म्हणजे कप्प्याचा जीव. चार कप्पे आहेत म्हणून चार रोपं लावायला कुंडी पुरेशी असतेच असं नाही. एक मजला रिकामा करा, भोकं चिकटपट्टीने बंद करा, मापाने पाणी ओतून किती लिटर मावतं ते पाहा आणि कप्प्यांच्या संख्येने भागा. रोपामागे दोन लिटर आले तर उत्तम. दीड लिटरवर मी काम चालवतो. त्याखाली आलं तर एक कप्पा रिकामा ठेवा, नुसतं मिश्रण भरून. दाटीवाटीच्या वीस रोपांपेक्षा मोकळी वाढलेली बारा रोपं जास्त फळ देतात, हे मी दरवर्षी पाहतो.

यावरूनच माझा ठाम सल्ला: पाच मजले उभे करू नका, तीन करा. उरलेल्या दोनांचा शेजारी वेगळा बुटका मनोरा लावा. पाच मजले ओले झाले की पंचवीस-तीस किलो सहज भरतात, वाऱ्याने कलतात, आणि वरून मोजलं तर चौथ्या-पाचव्या मजल्याला ऊन पोचतच नाही. जागा खरंच तेवढीच असेल तर मधल्या भोकातून जाड सळई किंवा पाइप घालून मनोरा पक्का करा आणि सगळ्यात खालच्या मजल्यावर मोठ्या फळाच्या जातीऐवजी अल्पाइन स्ट्रॉबेरी लावा. ती रानातली जात, फळ नखाएवढं पण वास अप्रतिम, बहुतेक वाणांना रनर (नवं रोप धरणारे, दोरीसारखे लांब फुटवे) येत नाहीत आणि अर्ध्या सावलीत ती तग धरते.

पाणी वरून एकदाच ओतायचं नाही. प्रत्येक मजल्याला वेगळं द्यायचं. लांब नळीची झारी घ्या, कप्प्याच्या तोंडाशी थोडं पाणी द्या, सगळ्या मजल्यांची एक फेरी झाली की दहा मिनिटांनी दुसरी फेरी. पहिल्या फेरीने कोरडं कोकोपीट ओलं व्हायला तयार होतं. एकदम ओतलं तर पाणी कडेकडेने पळतं आणि मधली मुळं कोरडीच राहतात. वरच्या मजल्याला रोज, उन्हाच्या दिवसांत दोनदाही लागेल. खालच्याला दोन दिवसांनी एकदा पुरेल. बोट दोन पेरं आत घाला, ओल लागली तर त्या मजल्याला आज पाणी नाही. दुपारी पान मलूल दिसलं म्हणून लगेच पाणी घालू नका. संध्याकाळी ते आपोआप ताठ झालं तर ते फक्त उन्हाने दमलं होतं. सकाळीही मलूल असेल तर मात्र बोट घालून पाहा: मिश्रण कोरडं असेल तर तहान, ओलं असेल तर मुळं कुजली आहेत. दोन्हींत पान सारखंच दिसतं, आणि बहुतेक जण इथेच चुकून कुजलेल्या रोपाला आणखी पाणी पाजतात.

काही जण मधल्या भोकात छिद्रं पाडलेला पाइप घालून त्यात पाणी भरतात. कल्पना चांगली आहे, पण छिद्रं वरपासून खालपर्यंत सारखी पाडली तर खाली दाब जास्त म्हणून बहुतेक पाणी खालूनच निघतं आणि मूळ दुखणं तसंच राहतं. पाइप लावायचाच तर तळ बंद, वरच्या मजल्यापाशी भरपूर छिद्रं, मध्ये निम्मी, आणि सगळ्यात खाली एकही नाही.

ऊन रोज सहा ते आठ तास हवं. मनोरा भिंतीला टेकून असेल तर मागच्या बाजूची रोपं पान वाढवतात, फळ देत नाहीत. दर तीन-चार दिवसांनी पाव फेरा फिरवा. खाली चाकांची फळी असली तर हे काम जड जात नाही, नसली तर आठवड्यानंतर आपण फिरवणं सोडून देतो, म्हणून ती फळी आधी करून घ्या. दुसरीकडे, पातळ आणि गडद रंगाचं प्लास्टिक कडक उन्हात इतकं तापतं की त्या बाजूची मुळं भाजतात. मेलेलं रोप उपटून पाहिलंत तर कुंडीच्या कडेला चिकटलेली मुळं तपकिरी आणि आतली पांढरी दिसतील. तसं असेल तर मनोऱ्याला बाहेरून पांढरं कापड गुंडाळा. हवा ३० अंशांच्या वर सतत राहिली तर सतत फळणाऱ्या जातीही नव्या कळ्या धरायचं थांबवतात. त्या काळात फळ येत नाही म्हणून खत वाढवू नका. रोप थांबलंय, उपाशी नाही.

खताबद्दल एक गोष्ट मनोऱ्याचीच आहे, साध्या कुंडीला लागू नाही. वरच्या मजल्यावर घातलेलं खत विरघळून खाली उतरतं, म्हणजे खालच्या मजल्यात मीठ साठत जातं. खालच्या रोपांच्या पानांच्या कडा तपकिरी, कुरकुरीत दिसल्या तर हेच झालंय. म्हणून पाण्यात विरघळणारं खत डब्यावर लिहिलेल्या मात्रेच्या निम्मं, आठवड्यातून एकदा, आणि मजल्यागणिक वेगळं द्यायचं. फुलं दिसेपर्यंत समतोल खत, फुलं आली की पालाश (पोटॅश) जास्त असलेलं. नत्राचा (नायट्रोजनचा) मारा केला तर पानं हाताच्या पंजाएवढी होतात, पण फळ मऊ आणि पाणचट येतं, आणि मावा धावत येतो. महिन्यातून एकदा साध्या पाण्याने मिश्रण धुऊन काढायचं, पण मनोरा उतरवून, एकेक मजला वेगळा. उभा मनोरा वरून धुतला की पाचही मजल्यांचं मीठ तळाच्या चार रोपांत जाऊन बसतं.

लावणीत चूक एकाच जागी होते. मुळं आणि पानं जिथे मिळतात तो आखूड, जाडसर भाग, त्याला क्राऊन म्हणतात, तो मिश्रणाच्या पातळीला बरोबर अर्धा वर, अर्धा आत हवा. पुरला तर कुजतो, उघडा पडला तर वरची मुळं सुकतात. नव्या मिश्रणाची पातळी पहिल्या पाण्याने दोन-तीन सेंटिमीटर खाली बसते, म्हणून मी कप्पे भरतो, भरपूर पाणी घालतो, रात्रभर बसू देतो, पुन्हा भरतो आणि मग लावतो. मुळं फार लांब असतील तर कात्रीने दहा सेंटिमीटर ठेवून कापा, पण वाकवून कोंबू नका. वर वळलेलं मूळ खोल जात नाही.

आता तुमची वेडीवाकडी फळं. ही पाण्याची तक्रार नाही, परागीभवनाची आहे. स्ट्रॉबेरीचं जे आपण खातो ते फुलाचा फुगलेला देठाकडचा भाग, आणि खरी फळं म्हणजे त्यावर दिसणारे ते बारीक दाणे. एका फुलात असे बरेच दाणे व्हायची सोय असते, आणि प्रत्येकाला स्वतंत्रपणे पराग मिळावा लागतो. वनस्पतिशास्त्रज्ञ जे. पी. निच यांनी १९५० मध्ये दाखवून दिलं की दाणे काढून टाकले तर तिथला गर वाढत नाही, कारण गर फुगवणारं संप्रेरक दाण्यांतूनच येतं. म्हणून ज्या बाजूचे दाणे रिकामे राहिले ती बाजू चपटी राहते. मधमाश्या येत नसतील, बाल्कनी बंद असेल, तर फूल उमललं की मऊ कोरड्या ब्रशने सकाळी उशिरा फुलावर गोल फिरवा. आधी बाहेरचे पिवळे पुंकेसर, मग मधला उंचवटा, आणि दोन-तीन दिवस रोज. एवढं केलं की आकार सुधारतो. फुलाचा मध्य काळा पडला असेल तर मात्र थंडीने तो मेलाय, त्याला ब्रशचा उपयोग नाही.

परागाचं हे महत्त्व या झाडाच्या जन्मापासूनचं आहे. १७१४ मध्ये फ्रेझिए हा फ्रेंच अधिकारी चिलीहून मोठ्या फळाची रोपं घेऊन परतला, पण ती मादी रोपं होती आणि युरोपात ती एकटी फळेनात. शेजारी उत्तर अमेरिकेतून आलेली व्हर्जिनियन स्ट्रॉबेरी लावली तेव्हा कुठे फळ धरलं. त्या दोघींच्या संकरातून आजची बागेतली स्ट्रॉबेरी आली, आणि हा संकर आहे हे द्युशेन या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञाने १७६६ मध्ये ओळखलं. आजच्या जातींत दोन्ही अवयव एकाच फुलात असतात, तरी पराग पोचवायचं काम कुणीतरी करावंच लागतं.

फळं लहान येण्याचं आणखी एक कारण या कुंड्यांतच असतं आणि ते सहसा कुणी पाहत नाही. फळांचा घोस कप्प्याच्या काठावरून खाली लोंबतो. स्वस्त प्लास्टिकचा काठ धारदार असतो, फळांचं वजन वाढलं की देठ तिथे दुमडतो आणि रस पुढे जात नाही. पातळ रबरी नळीचे तुकडे उभे चिरून काठावर चढवा. पाच मिनिटांचं काम आहे. घोसातलं पहिलं फळ सगळ्यात मोठं आणि त्यानंतरची क्रमाने लहान, हे मात्र नैसर्गिक आहे, त्याची काळजी करू नका. नव्या रोपाच्या पहिल्या फुलांबद्दल विचाराल तर, सतत फळणारी जात असेल तर पहिले चार-पाच आठवडे फुलं खुडा, रोप बळकट होतं. वर्षातून एकदाच फळणारी जात असेल आणि हंगाम छोटा असेल तर खुडू नका, तेवढंच पीक असतं.

किडींकडेही मजल्यांच्या हिशेबाने पाहा. वरच्या कोरड्या, तापलेल्या मजल्यावर लाल कोळी. पानावर बारीक फिकट ठिपके दिसले की पानाखाली पांढरा कागद धरून पान झटका, ठिपके चालायला लागले तर कोळी आहे. पानांच्या खालच्या बाजूला जोरात पाणी मारायचं, तीन दिवसांआड, दोन आठवडे, आणि तेही सकाळी, म्हणजे पानं दुपारपर्यंत सुकतील. खालच्या दमट मजल्यावर राखाडी बुरशी आणि गोगलगायी. फळावर करडी लव दिसली की ते फळ त्याच क्षणी काढून घराबाहेर टाकायचं, कुंडीत पडू द्यायचं नाही. जुनी, पिवळी, मिश्रणाला टेकलेली पानं दर आठवड्याला कापलीत तर वारा खेळतो आणि निम्मं दुखणं येतच नाही. पाखरांसाठी फळं रंग धरायच्या आत जाळी.

फळ तोडायची घाई नको. स्ट्रॉबेरी तोडल्यावर लाल होते पण गोड होत नाही. साखर झाडावर असतानाच भरते. देठाजवळचा पांढरा भाग पूर्ण गेल्यावर, सकाळी थंड असताना, देठासकट कात्रीने कापा. फुलापासून फळापर्यंत साधारण चार आठवडे लागतात, थंडीत जास्त.

शेवटी, कुजलेल्या तीन जागांचं काय. ती रोपं मुळांसकट काढा, त्या कप्प्यांतलं मिश्रण फेकून द्या, स्ट्रॉबेरीसाठी पुन्हा वापरू नका, कप्पे साबणाने धुऊन उन्हात वाळवा. नवी रोपं विकत आणायची गरज नाही. वरच्या निरोगी रोपांना लवकरच रनर येतील, लांब दोरीसारखे. एका रनरवर एक पेर सोडून दुसऱ्या पेरावर पिल्लू धरतं. एरवी रनर दिसले की कापायचे, नाहीतर फळाची ताकद तिकडे जाते, पण आत्ता दोन-तीन ठेवा. पिल्लाखाली बारीक मुळांचे कोंब दिसले की ते खालच्या रिकाम्या कप्प्यात टेकवा, तारेच्या आकड्याने हलकेच दाबा आणि ओल ठेवा. दोन-तीन आठवड्यांनी हळूच ओढून पाहा. रोप हाताला दाद देत नसेल तर मुळं धरली, मग आईकडची दोरी कापा. कुजलेल्या रोपाच्या शेजारणीचे रनर मात्र घेऊ नका, फक्त वरच्या मजल्यावरचे घ्या.